मागच्या रांगेतून इरुंगाट्टुकोट्टई

बुधवार : कोल्हापूर ते तुमकूर

चेन्नईच्या रेस ट्रॅकला जायला कोल्हापूरच्या माणसाला वाट विचारावी लागत नाही. शिरोलीच्या नाक्यावर एनएच ४८ ला लागायचं आणि नऊशेच्या वर किलोमीटर तो धरून ठेवायचा. दिल्लीहून निघालेला हा रस्ता मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत चेन्नईला जातो आणि शहर यायच्या आधी तीस-चाळीस किलोमीटरवर, इरुंगाट्टुकोट्टईला, ट्रॅकच्या दाराशी आणून सोडतो. मेस्त्री अजूनही या गावाला ‘इरंगकोट’ म्हणतात. इतकी वर्षं जाऊन-येऊनही त्यांनी त्यात सुधारणा केलेली नाही आणि आता ती होईल असं वाटत नाही.

गाडीत आम्ही तिघं. मी, उद्यमनगरातले आमचे मेस्त्री आणि माझा पुतण्या. रेस पुतण्याची. कोल्हापुरातल्या गो-कार्टवर हात बसलेला हा पोरगा आता फॉर्म्युला एलजीबीत उतरतोय. एक सीटची, उघड्या चाकांची गाडी, मागं १३०० सीसीचं मारुतीचं इंजिन. गाडी त्याची नाही. एका टीमकडून शर्यतीपुरती भाड्यानं घेतलेली. टीम गाडी ट्रॅकवर आणून ठेवते, पोरानं हेल्मेट, सूट, बूट आणि मान सांभाळणारा हान्स पट्टा घेऊन जायचं, बसायचं, चालवायची, उतरायचं. तरीही मेस्त्रींनी पान्यांची पेटी डिकीत टाकलीच. “असू दे. वजन कुठं डोक्यावर घ्यायचंय?”

आमच्या वेळी याच रस्त्यानं रेसची मारुती ८०० आयशर टेम्पोत घालून न्यायचो. सुवर्ण चतुष्कोनाचं काम सुरू व्हायच्या आधीचा रस्ता, बेळगाव सोडलं की दोनपदरी, समोरून ट्रकांची रांग. ताडपत्रीखाली गाडी, गाडीभोवती टायर, जॅक, पेट्रोलचे रिकामे कॅन, आणि टायरच्या थप्पीवर गोधडी टाकून मेस्त्री झोपलेले. केबिनमध्ये जागा असायची, पण त्यांना दोरखंड ढिला होईल याची काळजी. चित्रदुर्गाच्या आसपास कुठंतरी मध्यरात्री टेम्पो थांबवायला लावून ते दोर तपासायचे. आता चित्रदुर्गाच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरतात आणि खालून सहापदरी रस्ता जातो. मेस्त्री मागच्या सीटवर एसीत बसून म्हणाले, “एवढ्या आरामात आल्यावर मग रेस कशी जिंकायची?”

जिंकणं हा शब्द ते थट्टेनं वापरतात. आम्ही जिंकणाऱ्यांतले नव्हतोच. आमची लढाई वेगळी. हौशी रेसिंगमध्ये पहिले चार-पाच जण वेगळ्या शर्यतीत असतात, आणि त्यांच्यामागं पंधरा-वीस जणांची दुसरी शर्यत चालू असते. त्या दुसऱ्या शर्यतीत टिकणं म्हणजे आमचा सगळा उद्योग. पुढच्यांकडं नवे टायर, जास्तीचं इंजिन, आठवडाभर आधी येऊन सराव करायची सवड. आमच्याकडं मेस्त्री.

दावणगिऱ्याला बेण्णे डोसा खाताना पुतण्यानं मेस्त्रींना विचारलं, की आप्पा तुमच्या वेळी इंजिनाचं नेमकं काय काय करायचात? बस. तुमकूर येईपर्यंत मेस्त्री बोलत होते. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, ६८.५ मिलिमीटरचा बोर आणि ७२ चा स्ट्रोक. त्यात फार काही लपवता येत नाही. पण इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, मशिनवर अर्धा मिलिमीटर घासलं की प्रत्येक सिलिंडरमागं चेंबरमधली जवळजवळ दोन सीसी जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन चढतं. मग पोर्ट आतून हातानं घासायचे, गॅस्केट आणि पोर्टच्या तोंडामधली पायरी काढायची, कार्बोरेटरचे जेट बदलून बघायचे. तिन्ही पिस्टन आणि तिन्ही कनेक्टिंग रॉड वजनाला सारखे करायचे. हे शेवटचं काम मेस्त्री सराफाकडच्या तराजूवर करायचे. रॉडच्या टोकाचं लोखंड कणाकणानं घासायचं, पुन्हा ताटलीत ठेवायचं. सराफ वैतागायचा, कारण दुकानात मंगळसूत्र बघायला आलेल्या बायकांसमोर हा माणूस तेलकट फडक्यातून पिस्टन काढून मांडायचा.

“आणि किती पॉवर वाढायची?” पुतण्या.

“पॉवर मोजायचा डायनो कुठं हुता आमच्याकडं? वाठारच्या चढाला टॉप गिअरमधी वडलं की समजायचं वाढली.”

गुरुवार : तुमकूर ते श्रीपेरुंबुदूर

बंगळूरला बगल देऊन होसूर, कृष्णगिरी, वाणियंबाडी. आंबूरला बिर्याणी. इथली बिर्याणी बारीक जिरगा सांबा तांदळाची असते आणि सोबत वांग्याची आंबट भाजी येते. मेस्त्रींना कोल्हापूरबाहेरचं मटण सहसा मानवत नाही, इथं मात्र ते काही बोलले नाहीत, याचा अर्थ आवडलं.

वेल्लोरचा किल्ला आला की शिवाजी महाराजांच्या दक्षिण स्वारीचा विषय निघायचाच. १६७७ मध्ये जिंजी घेतली, वेल्लोरला वेढा पडला आणि तो वर्षावर चालला. “घरापासनं इतक्या लांब येऊन वर्षभर टिकून राहायचं,” मेस्त्री म्हणाले, “त्येंच्या रसदीचा विचार करा.” आम्हाला तीन दिवसांची रसद पुरवता पुरवता दम लागायचा, तो मुद्दा त्यांनी न बोलता मांडला.

मेस्त्रींनी शोलावरम पाहिलंय. मी नाही. माझ्या पिढीला तयार ट्रॅक मिळाला. त्याआधी मद्रासच्या उत्तरेला शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर रेस व्हायच्या. १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब त्या भरवायचा. इंदू चंढोक हे क्लबच्या संस्थापकांतले; त्यांचा नातू करुण पुढं फॉर्म्युला वनमध्ये गेला. धावपट्टीवर ड्रम आणि गवताच्या पेंढ्या मांडून वळणं आखायची, आणि सगळं मद्रास बघायला लोटायचं. मेस्त्री तरुणपणी एका फियाटवाल्यासोबत मदतनीस म्हणून गेले होते. त्यांच्या आठवणीतलं शोलावरम म्हणजे ऊन आणि सिपानी डॉल्फिन. बंगळूरची ही फायबरच्या बॉडीची छोटी गाडी. बाजारात ती चालली नाही, पण वजनच नसल्यामुळं रेसमध्ये फियाट आणि अँबॅसॅडरवाल्यांची तिनं झोप उडवली. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि डॉल्फिनवाल्यांची झोप उडायची पाळी आली. त्याच शोलावरमला विजय मल्ल्या एन्साइनची खरीखुरी फॉर्म्युला वन गाडी घेऊन उतरले होते. एकाच मैदानावर एका बाजूला फॉर्म्युला वन, दुसऱ्या बाजूला घरून चालवत आणलेली, हेडलाइटवर चिकटपट्ट्या मारलेली फियाट. या खेळातलं अंतर तेव्हापासून असंच आहे, आता फक्त ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत छापून हातात देतात.

आमच्यासारख्यांना दार उघडलं ते कोइमतूरच्या करिवर्धन यांनी. मारुती ८०० चं साधं इंजिन घालून त्यांनी स्वस्तातली एकसीटी रेसकार बनवली. नारायण कार्तिकेयन त्याच फॉर्म्युला मारुतीत शिकला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनला पोचणारा पहिला भारतीय ठरला. १९९५ साली विमान अपघातात करिवर्धन गेले. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेला त्यांचंच नाव आहे. माझं मत विचाराल तर भारतातल्या हौशी रेसिंगवर जितका पैसा नंतर ओतला गेला, त्यातला कुठलाच त्या एका कल्पनेइतका उपयोगी पडला नाही.

संध्याकाळी श्रीपेरुंबुदूरच्या लॉजवर. पुतण्या फोनवर ट्रॅकचा व्हिडिओ बघत हवेतच स्टिअरिंग फिरवत होता. मेस्त्री आठ वाजता झोपले.

शुक्रवार : सराव

ट्रॅक १९९० साली झाला. ३.७१७ किलोमीटर, बारा वळणं. हल्ली मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, जुने लोक एमएमआरटीच म्हणतात, म्हणजे मद्रास मोटर रेस ट्रॅक. पूर्वी भोवती नुसतं माळरान होतं, आता सिपकॉटची औद्योगिक वसाहत आणि ह्युंदाईचा प्रचंड कारखाना.

स्क्रुटिनीला रांग. हेल्मेटवरचा शिक्का, सूटवर नाव आणि रक्तगट, लायसन्स, मेडिकल. मग पिटमध्ये, म्हणजे टीम गाड्या तयार करतात तिथं, गाडी बघायला गेलो. मेस्त्री खाली वाकले, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि सरळ उभे राहिले. हेडच्या बोल्टमधून तार ओवलेली, तारेला सील.

“हे सील काढलं तर काय हुतंय?”

“घरला पाठवतात, आप्पा.”

“म्हंजे आत काय करायचंच न्हाई?”

“कुणीच नाही. सगळ्यांची इंजिनं सारखी.”

मेस्त्री थोडा वेळ त्या तारेकडं बघत राहिले. मग पेटी उचलून गाडीत ठेवून आले.

सील मारायचा नियम न्याय्य आहे, हे मी मानतो. आमच्या वेळचा खेळ न्याय्य नव्हता. १९९८ मध्ये होंडा सिटी आली, पाठोपाठ तिची १०६ हॉर्सपॉवरची व्हीटेक. तोवर मी उसनवारी करून मारुती एस्टीमवर आलो होतो. ती फॅक्टरीतून निघायची ८५ ची. एस्टीम हलकी, त्यामुळं वळणावळणांच्या भागात सिटीला गाठायचो, अगदी बंपरला बंपर. मग सरळपट्टी लागायची. तिसऱ्या गिअरमध्ये सिटी शेजारी, चौथ्यात पुढं, आणि वळण येईपर्यंत तिचं मागचं झाकण वाचता येणार नाही इतकी लांब. त्याला ना मेस्त्री काही करू शकत होते ना मी. सिटी घ्यायची, किंवा वर्ग बदलायचा, किंवा मागं राहायचं. आम्ही मागं राहिलो, बराच काळ.

आणि टायर. पुढच्या टीम रविवारी संध्याकाळी वापरलेले स्लिक, म्हणजे बिननक्षीचे रेसचे टायर, उतरवायच्या, ते आम्ही विकत घ्यायचो. बघायला छान, रबरही शिल्लक. पण स्लिक एकदा तापून गार झाला की थोडा कडक होतो, आणि दर वेळी आणखी. असल्या टायरवर पहिल्या दोन फेऱ्या स्वर्ग, नंतर एस्टीमची पुढची चाकं वळणात सरळ जायला लागतात. पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी, सगळा ताण तिथंच. चौथ्या फेरीत स्टिअरिंग वळवून वाट बघायची, गाडीचं मन झालं की ती वळायची. लोक म्हणायचे याची सुरुवात चांगली असते, नंतर धीर सुटतो. धीर कशाला सुटतोय? टायर सुटायचा.

तेव्हा सारख्या गाड्या आणि सीलबंद इंजिन हे बरंच झालं. पण त्यात मेस्त्री बाद झाले. पूर्वी पैसेवाल्याशी दोन हात करायची एक तरी जागा होती, रात्री जागून गाठायची. आता ती जागा तारेनं बांधलेली आहे, आणि पैसा दुसऱ्या दारानं आत आलाय. ज्याच्याकडं तो आहे तो ट्रॅक भाड्यानं घेऊन आठवडाभर सराव करतो. पुतण्याला या शर्यतीआधी मिळालेला सराव म्हणजे आजचा शुक्रवार.

सरावात तो पंचविसातला एकविसावा. सगळ्यात वेगवान गाडीपासून साडेतीन सेकंद मागं. ट्रॅकवर सरासरी तासाला शंभराच्या पुढचा वेग धरला तर एका सेकंदात तीस मीटर जातात. फेरीमागं शंभर मीटर कमी पडतायत.

शनिवार : क्वालिफाइंग आणि पहिली रेस

घाम. श्रावणातला कोल्हापूरचा पाऊस सोडून आलेल्या माणसाला इथली दमट हवा सकाळी सातलाच दाबून धरते. सूटच्या आत अग्निरोधक बनियन, डोक्यावर बालाक्लाव्हा नावाची तोंड झाकणारी टोपी, वर हेल्मेट. पोरगा गाडीत बसायच्या आधीच भिजलेला.

मेस्त्री पिटमध्ये थांबलेच नाहीत. सरळपट्टी संपते तिथं, पहिल्या वळणाच्या जवळ कुंपणाला जाऊन उभे राहिले. तिथं सी-वन नावाचं वेगातलं उजवं वळण आहे, धाडसी लोक जवळजवळ पाय न काढता जातात. मेस्त्रींकडं त्यांचं जुनं, दोरी लावलेलं स्टॉपवॉच होतं, पण ते त्याच्याकडं बघतही नव्हते. डोळे मिटून उभे होते. मी शेजारी गेलो तर हातानं गप्प केलं. एक गाडी गेली, दुसरी गेली, तिसरी. मग पुतण्याची. मग आणखी चार.

“ऐकलं?” त्यांनी विचारलं.

मला एकसारखं भणाणणंच ऐकू आलं होतं.

“पुढची पोरं पाय निम्मा उचलत्यात आन् लगेच दाबत्यात. आवाज वाकतो, तुटत न्हाई. आपलं पोरगं पाय पुरा काढतंय, तुकडा पडतोय आवाजाचा. आन् फुडं ब्रेकिंगला गिअर लवकर पाडतंय. इंजिन किंचाळतंय बघा. मागची चाकं त्यानं धरली जात्यात, गाडी हालती, म्हणून त्यो परत घाबरून पाय काढतोय.”

क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे रेसला कुणी कितव्या जागी उभं राहायचं ते ठरवणाऱ्या फेऱ्यांत, पुतण्या अठरावा. दुपारी टीमच्या इंजिनिअरनं लॅपटॉपवर डेटा उघडला. थ्रॉटलची रेघ सी-वनला पार तळाला जाऊन वर येत होती. पुढच्या गाडीची रेघ नुसती खोलगट. गिअर बदलताना आरपीएमची टोकं दिसत होती. मेस्त्री खुर्चीच्या मागं उभं राहून बघत होते, “हां” इतकंच म्हणाले. इंजिनिअर पोरगा सव्वीस-सत्तावीसचा. त्यानं वळून विचारलं, “सर, तुम्ही ड्रायव्हर कोच आहात का?” मेस्त्रींना ‘सर’ म्हणणारा बहुतेक तो पहिलाच.

पहिल्या रेसमध्ये पुतण्या सतरावा. सुरुवात बरी झाली, मग पाचव्या फेरीत घोळक्यापासून सुटला. सारख्या गाड्यांच्या शर्यतीत हेच खरं संकट. पुढच्या गाडीनं हवा फाडलेली असते, तिच्या मागं चिकटून राहिलात तर तुमची गाडी सरळपट्टीवर फुकटात जास्त पळते. तो आडोसा सुटला की तुमचं एकट्याचं इंजिन, एकट्याची हवा. घोळका आपसात मारामारी करतानाही तुमच्यापेक्षा वेगानं जातो, कारण ते एकमेकांना ओढत असतात. रांगेतून एकदा तुटलेला वारकरी जसा नुसतं भराभर चालून दिंडी गाठू शकत नाही, तसं.

रात्री जेवताना मेस्त्रींनी त्याला एकच सांगितलं. उद्या गिअर उशिरा पाडायचा. सी-वनचा विषयही काढला नाही. मी नंतर विचारलं, का नाही सांगितलं? “दोन गोष्टी सांगितल्या की पोरगं दोन्ही विसरतंय. गाडी हालायची थांबली की पाय आपोआप राहील.”

रविवार : दुसरी रेस

पॅडॉकमध्ये जुने ओळखीचे चेहरे. एक जण पोट सुटलेला, एकाच्या हातात आता मुलीचं हेल्मेट. गप्पा फिरून-फिरून एकाच गावाला, तेव्हा कुणी किती कर्ज काढलं. चेन्नईच्या रस्त्यावर २०२४ मध्ये आयलंड ग्राउंड्सभोवती रात्री दिव्यांच्या उजेडात रेस झाली, ती काहींनी बघितली होती. सगळे म्हणाले झकास. मग एकानं विचारलं, तिथं तुझ्या-माझ्यासारख्याला एन्ट्री मिळाली असती का? आणि सगळे पोट धरून हसले.

रेस दुपारी. मी पिटवॉलवर, मेस्त्री पुन्हा कुंपणाला. पहिल्याच फेरीत मधल्या वळणांत तीन गाड्या एकमेकींत गेल्या, पुतण्या गवतातून वाट काढून निघाला. चौदावा. दोन फेऱ्यांनी तेरावा. मागं पाच गाड्यांचा घोळका, पुढं दोघं. मी घड्याळ लावून बसलो होतो. चौथी फेरी, पुढच्याशी अंतर सहा दशांश. पाचवी, सात दशांश. कालची हीच फेरी होती. सहावी, पाच दशांश. तुटला नाही.

सातव्या फेरीत तो समोरून गेला तेव्हा पुढच्या गाडीच्या गिअरबॉक्सला नाक लावून. मी कुंपणाकडं बघितलं. मेस्त्रींचे डोळे उघडे होते आणि हात कानामागं. शेवटच्या फेरीत सी-वनच्या आधी तो आडोशातून बाहेर निघाला, शेजारी आला, आणि वळणात आत शिरला. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा तो पोरगाही खमक्या निघाला, त्यानं पुढच्या वळणाला जागा परत घेतली. निशाण पडलं तेव्हा पुतण्या तेरावाच. तेराव्याला चषक नसतो, पॉइंटही नसतो. फेरीच्या वेळेत मात्र शुक्रवारच्या मानानं दोन सेकंद कापलेले होते.

मेस्त्री चालत पिटला आले. पुतण्यानं हेल्मेट काढून आधी त्यांच्याकडंच बघितलं.

“गिअर चांगला पाडलास. शेवटच्या फेरीत सी-वनला पाय काढलास का?”

“नाही आप्पा.”

“मला म्हाईत हाय. तुला म्हाईत हाय का बघत हुतो.”

सोमवार : परतीला

पहाटे पाचला निघालो. टीमचं बिल पुतण्याच्या फोनवर रात्रीच आलं होतं: नाकाच्या फायबरला गवतात गेलेला तडा, दोन टायर, ब्रेक पॅड. भाड्याच्या वर हे. एका वीकेंडचा आकडा माझ्या वेळच्या अख्ख्या सीझनपेक्षा मोठा आहे, महागाई धरूनही. वेल्लोरपर्यंत कुणी त्यावर बोललं नाही. मग पुढच्या राउंडचा हिशेब सुरू झाला. पुतण्याचं म्हणणं, नवा टायरचा सेट घेऊ, आणखी एक सेकंद तरी निघेल. माझंही मन तिकडंच, जुन्या स्लिकांचा राग अजून गेलेला नाही. मेस्त्री म्हणाले, टायर नको. तेवढ्याच पैशात एक दिवस जास्तीचा सराव घ्या. नव्या टायरवर चुकीचं चालवलं तर नवे टायर जातील, दुसरं काय?

कृष्णगिरीच्या टोलनाक्यावर रांगेत उभं असताना पुतण्यानं टीमला फोन लावला आणि पुढच्या राउंडआधीचा गुरुवार मागून घेतला. पलीकडून सांगितलं गेलं की दिवस मिळेल, पण सरावाच्या टायरचे पैसे वेगळे पडतील. मेस्त्रींनी मागून हात पुढं केला, “दे हिकडं फोन,” आणि टीमच्या मॅनेजरशी हिंदीत घासाघीस सुरू केली. होसूर आलं तरी ती चालूच होती.